दोन सत्त्या आणि एक्का-राजा

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचाच राग येतो. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी नगर जिल्ह्यातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो.

देवळाली प्रवराकडच्या एका बागायतदाराने येऊन खबर दिली. गावातला एक माणूस परदेशी बोटीवर खलाशी होता. तो परत आल्यापासून गुऱ्हाळावर पत्त्यांचा नवाच डाव खेळवतो आणि लबाडीने लुटतो, अशी तक्रार होती. तक्रारदार त्याच डावात आपलं ऑईल इंजिन हरला होता. हातात जोडी असून एका दिवसात तीनदा हरलो, शेवटी तर माझ्याकडे दोन सत्त्या आणि त्याच्याकडे नुसता एक्का-राजा होता, असं तो तावातावाने सांगत होता. मला लगेच पटलं. तीन पत्तीत जोडीपुढे एक्का-राजाची काय किंमत?

छापा घातला, पत्ते जप्त केले, पंचनामा झाला. खलाशी शांत होता. जुगाराचा दंड भरतो म्हणाला, फक्त लबाड म्हणू नका, मुलीची सोयरीक शेवगावला ठरली आहे. मी ऐकलं नाही. आठवड्याचा बाजार होता. चार लोकांना धाक बसावा म्हणून बेड्या घालून त्याला भर बाजारातून ठाण्यावर आणलं.

चौकशीत दोन दिवस गेले. दरडावून झालं, उपाशी ठेवून झालं. पत्त्यांवर एकही खूण सापडेना. तो एकच सांगत राहिला.

"साहेब, ही तीन पत्ती न्हाई. हातात दोन पानं, मग समद्यांसाठी पाच पानं उघडी पडत्यात. त्यात एक्का न्हाईतर राजा आला की मोठी जोडी जमती, सत्त्या गेल्या. वाटून बघा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी हवालदाराला बसवलं. त्याच चार पानांचे दोन हात मांडून ठेवले आणि उरलेली पिसून पाच-पाच उघडायला लावली. ठाणे अंमलदार पाटीवर रेघा ओढत होता. शंभर डावांत सत्त्या त्रेपन्न वेळा जिंकल्या, एक्का-राजा सत्तेचाळीस वेळा. जवळजवळ निम्मं-निम्मं. अशा डावात जोडीवाला एका दिवसात तीनदा हरला तर त्यात लबाडी असायलाच हवी, असं नव्हतं.

फसवणुकीचं कलम काढलं, जुगाराचं तेवढं ठेवलं. जामिनावर सोडताना मी त्याला म्हणालो, तुझ्यावरचा डाग गेला. त्याने मनगटं चोळली.

"बेड्या घातल्या तव्हा समदा बाजार बगत हुता, साहेब. आता सोडताना कोन हाय बगायला?"

महिन्याभराने सोयरीक मोडल्याचं कानावर आलं.

पुढे नोकरीत मी अनेकांना अटक केली, पण कुणाला बाजारातून फिरवलं नाही. खात्रीने बोलणाऱ्या तक्रारदाराची मला तेव्हापासून धास्तीच वाटते, आणि माझ्या स्वतःच्या खात्रीची त्याहून जास्त. ते शंभर डाव वाटायला आम्हाला जेमतेम दोन तास लागले होते. ते दोन तास मी बाजाराआधी काढायला हवे होते.