सुई कोण टोचणार?

२०१९ चा फेब्रुवारी, शुक्रवारची संध्याकाळ, चहाचं हॉटेल. रक्कम साडेचारशे ओमानी रियाल. हजर चौघे: मी, माझी बायको, आमच्याकडे दार्सैतला राहणारी माझी पुतणी, आणि रुवीत परदेशी नोकऱ्या लावून देणारा रत्नागिरीचा एजंट.

पुतणी रुवीतल्याच एका क्लिनिकमध्ये नर्स होती, पगार दोनशे साठ रियाल. जपानमधल्या वृद्धाश्रमात पाचशेच्या वर मिळणार होते. खाणंपिणं वजा जाता एजंटची साडेचारशेची फी पाच महिन्यांत फिटत होती. माझं मत, जावं.

पुतणीने एकच विचारलं, "सुई कोण टोचणार?"

"सुई नाय, ताई," एजंट म्हणाला. "आंघोळ घालायची, भरवायचं, उठवायचं-बसवायचं. सुई नर्स टोचणार."

"मी नर्सच आहे."

"इथे. तिथे केअरगिव्हर. खोटं कशाला बोलू?"

मग त्याने समजावलं. जपानात नर्स व्हायचं तर राष्ट्रीय परीक्षा, तीही जपानीत. तिला बसण्याआधी आपली पदविका तिथल्या सरकारने मान्य करायची आणि भाषा अगदी वरच्या पातळीची हवी. नर्सच्या खाली सहायक नर्स, तिचा परवाना प्रांताचा. केअरगिव्हरची वाट वेगळीच.

"ह्यांनी तर गावाला फोन करून टाकला," बायको म्हणाली. "पुतणी जपानची नर्स झाली म्हणून!"

पुतणी हसली नाही. "भाषेला किती वर्षं?"

"पाच धर. इन्शाल्ला चार."

मी म्हणालो, "अगं, पाच वर्षं दुप्पट पगार सोडायचा?"

"काका, आंघोळ घालणं हलकं काम नाही. पण म्हाताऱ्या माणसाची शीर मला पहिल्या झटक्यात सापडते. ते हातातून जाऊ द्यायचं नाही. गेले तर नर्स म्हणून जाईन."

"सव्वीसची आहे," बायको माझ्याकडे बघत म्हणाली. "शिकली तरी एकतिसाची होणार, नाही शिकली तरी होणारच."

या हिशेबात मला चूक काढता आली नाही.

एजंटने फीचं पाकीट माझ्याकडे परत सरकवलं आणि अल हैलला जपानी शिकवणाऱ्या एका जपानी बाईंचा पत्ता दिला. म्हणाला, "परीक्षा पास झालीस की ये. तेव्हा फी घेईन."

साडेचारशे रियाल बँकेत परत गेले. चहाचे पैसे एजंटनेच भरले. पुढच्या शुक्रवारी अल हैलला पहिल्या महिन्याचे बारा रियाल त्या बाईंना दिले गेले. ते पुतणीने दिले, स्वतःच्या पगारातून.