टेससाठी थांबलो ती दोन वर्षं

रोझी, चौऱ्याण्णव साली मी मस्कतला निघालो, तेव्हा आपले बाबा वाडीत केळींना पाणी सोडत होते. टॅक्सी दारात उभी होती. माझी बायको एलिझा तान्ह्या शेरनला घेऊन ओट्यावर उभी होती, तू तिच्या शेजारी. बाबा चिखलाच्या पायांनीच आले, हात धोतराला पुसले आणि माझ्या कपाळावर क्रूस काढला. म्हणाले, "दोन वर्षांत ये." एवढंच. मी बारा वर्षांनी आलो. त्यातली शेवटची दोन वर्षं मी एका कुत्रीसाठी तिथे राहिलो, हे तुला आजही पटत नाही. म्हणून हे लिहितोय. आपल्यातले जे अजून तिकडे आहेत, त्यांनीही वाचावं.

मस्कतजवळच्या सीबला कंपनीत मी एसी दुरुस्तीचं काम करायचो. शुक्रवारी सुट्टी. कंपनीतली पोरं खडकाळ मैदानात क्रिकेट खेळायची. एका शुक्रवारी मी बाउंड्रीवरून थेट स्टंपवर चेंडू फेकला. बघणाऱ्यांत आमचे इंजिनिअर हॅरिससाहेब होते, साठीचे, एकटे, गुडघ्याने अधू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून म्हणाले, "तुझा हात मला शुक्रवारी सकाळी दोन तास हवाय."

त्यांच्याकडे टेस होती, दोन वर्षांची काळी लॅब्रॅडॉर, इंग्लंडहून आणलेली. दर हिवाळ्यात तिथली कुत्रेवाली गोरी मंडळी एका वाडीत, म्हणजे तिकडच्या कोरड्या नदीपात्रात, आपापल्या कुत्र्यांची स्पर्धा घ्यायची. लांबवर तीन ठिकाणी कॅनव्हासच्या गुंडाळ्या फेकायच्या. त्यांना ते डमी म्हणत. कुत्र्याने मालकाशेजारी बसून तिन्ही कुठे पडतात ते नुसतं बघायचं. मग कुत्र्याचं नाव घेतलं की त्याने एकेक करून आणायची आणि हातात द्यायची.

मला वाटलं, यात काय एवढं? पण टेसला एक डमी छान जमायची. दोन फेकल्या की शेवटची पडलेली आणायची, आणि पहिली कुठे गेली ते साफ विसरायची. रिकाम्या तोंडाने माझ्याकडे बघत उभी राहायची. बाबा म्हणायचे, "जनावराला एका वेळी एकच गोष्ट सांगावी." मी ते साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझे वडील बरोबर आहेत. म्हणून आधी एकच जागा पक्की करू."

तसंच केलं. महिनाभर एकाच बाभळीखाली डमी टाकली. ती जागा तिच्या डोक्यात बसली, तेव्हा दुसरी टाकली, पार उलट्या बाजूला. मग तिसरी. एक सापडली नाही म्हणून ती दुसऱ्या जागेकडे पळाली, की परत बोलवायचं आणि पुन्हा पहिलीकडेच पाठवायचं. उन्हाळ्यात सगळं बंद. ऑक्टोबर सरला की पुन्हा पहाटे गाडी काढायची. हळूहळू साहेबांच्या गुडघ्याचं दुखणं वाढत गेलं. मग फेकायला दुसरी माणसं आली आणि टेसच्या शेजारी मी उभा राहू लागलो.

एव्हाना एलिझा आणि शेरन आल्या होत्या. एलिझा कुत्र्याला घाबरायची. सरावानंतर टेस माझ्याबरोबर फाटकातून आत आली की ती खुर्चीवर पाय घेऊन बसायची. "जॅकेट काढा, केस आहेत तिचे," एवढंच म्हणायची.

स्पर्धेच्या दिवशी साहेब घडीच्या खुर्चीवर बसले होते. एका बाईंनी विचारलं, "कुत्रा तुमचा, मग हा का उभा?" साहेब म्हणाले, "कारण ती त्याचं ऐकते."

टेसने पहिल्या दोन डमी सरळ जाऊन आणल्या. तिसरी बांधापलीकडे पडली होती. मी नाव घेतलं, ती निघाली, पण निम्म्या वाटेत उजवीकडे वळली. मला वाटलं, चुकली. मी शिट्टी वाजवली. ती थांबली, बसली, माझ्याकडे पाहिलं. मी हाताने डावीकडे पाठवलं. ती गेली. शोध शोध शोधलं, काही नाही. शेवटी फेकणाऱ्या माणसाने डमी उचलून दाखवली. ती उजवीकडेच होती. बांधावरून घरंगळलेली.

मी टेसला घेऊन साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "तिला आठवत होतं. तुझाच विश्वास कमी पडला." मग टेसचे कान चोळत म्हणाले, "पण तिला ठाऊक असूनही तिने तुझं ऐकलं. याला कप मिळत नाही." घरी येऊन मी एलिझाला हे सांगितलं. ती आत गेली आणि ताटलीत भात-मासळी कालवून टेसपुढे ठेवली. पहिल्यांदा.

पुढे साहेब आजारी पडून कायमचे इंग्लंडला गेले. बहिणीच्या छोट्या फ्लॅटमध्ये कुत्र्याला जागा नव्हती. जाताना त्यांनी पट्टा माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून गाडीत बसले.

टेस आमची झाली. शेरन तिच्याशी इंग्रजीत बोलायची, एलिझा मराठीत. "बस गं बाई" म्हटलं की टेस बसायची. शेजारचे म्हातारे ओमानी चाचा कुत्र्याला शिवत नसत, पण सुरमईची डोकी फाटकाबाहेर ठेवून हाक मारत, "यल्ला, टेस!" म्हणजे चल, ये लवकर.

दोन हजार चार साली माझं कंत्राट संपलं. तिकिटं काढली. डॉक्टरांनी टेसचं हृदय तपासलं आणि सांगितलं, विमान तिला झेपणार नाही. घ्यायला कुणी मिळेना. एलिझाच म्हणाली, "म्हातारीला कुणाच्या दारात सोडायचं?" मी एका गॅरेजात कमी पगाराचं काम धरलं.

तू फोनवर म्हणालीस, "बाबांपेक्षा कुत्रं मोठं झालं का?" तुझं चूक नव्हतं. मग बाबांनी फोन घेतला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "ती तुझ्या भरवशावर आहे ना? मग तिचं होऊ दे. मी काही इतक्यात जात नाही."

दोन वर्षांनी, डिसेंबरात, टेस एलिझाच्या पायांवर डोकं ठेवून गेली. त्या कोरड्या नदीच्या, तिकडच्या वाडीच्या काठाला आम्ही तिला पुरलं. खड्डा चाचांच्या मुलाने खणून दिला.

आता फॉर्मवर पत्ता लिहिताना मी वसई लिहितो. हात अडखळत नाही. बाबांशेजारी केळींत उभं राहायला अजून मिळतंय, यापरतं काय हवं? पण परवा दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपण आईच्या कबरीवर मेणबत्त्या लावत होतो, तेव्हा शेरनने एक जास्तीची लावली आणि जरा बाजूला, कडेच्या मातीत खोचली. तू माझ्याकडे पाहिलंस. वारा होता. बाबा खाली वाकले आणि त्या ज्योतीभोवती त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला.