ताराकाकींचं परसदार

ताराकाकींकडे गेलेल्या माणसाला मोरीत हातपाय धुता येत नसत. काकी त्याच्या हाती तांब्या देऊन त्याला थेट घरामागं नेत आणि बोट दाखवून म्हणत, "पावणं, आज वांग्याची पाळी. हितं धुवा." माझ्या बहिणीला बघायला आलेले पाच टोपीवालेही त्यांनी भिंतीपलीकडे नेऊन पाच झाडांपाशी उभे केले होते. तरी लग्न जमलं.

राजुरीत आमचं आणि काकींचं घर भिंतीला भिंत लावून होतं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शिवारात वावर नाही. दुसऱ्यांचे कांदे खुरपून त्या पोट भरत. स्वतःचं म्हणून काय, तर घरामागं चार खाटा मावतील एवढी जागा. न्हाणीचं पाणी आधी अळूला, तिथून केळीला, उरलं तर वांगी-मिरचीला. पत्र्यावर घोसाळी. पानांवर माव्याची कीड पडली की चुलीतली राख. आम्ही शेतात टोमॅटोवर फवारे मारायचो, तो माल बाजाराला पाठवायचो आणि घरात खायला भाजी काकींकडून आणायचो. याची आम्हाला कधी लाजही वाटली नाही.

काकी भाजी विकत नसत. "मागायचं न्हाई," त्या म्हणत, "तोडायचं आन् जायचं. फकस्त येताना तांब्याभर पाणी आणायचं. रिकाम्या हाताचं माणूस झाडाला आवडत न्हाई."

दोन हजार सालानंतर ऊस वाढला तसे बिबटे उसातच राहायला आले. आधी वस्तीवरची कुत्री गेली, मग शेळ्या. एका संध्याकाळी, अजून दिसत होतं तेव्हा, माझ्या वहिनींनी त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीला, सोनीला, मिरच्या आणायला धाडलं. पोरगी तांब्या भरून घेऊन गेली. अळूच्या दाटीत बिबट्या दबा धरून होता. तांब्या तिथंच सापडला. सोनी सकाळी उसात सापडली.

तिसऱ्या दिवशी काकींनी कोयता घेतला. केळ, अळू, फळाला आलेली वांगी, सगळं आडवं करत सुटल्या. मी धावत गेलो. "काकी, निदान मिरची तरी राहू द्या."

"आळू मी वाढवला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आन् पोरीला ये म्हणणारी बी मीच."

त्यानंतर न्हाणीचं पाणी रस्त्याच्या गटारात जाऊ लागलं. त्या परसात काकींनी पुन्हा काही लावलं नाही. चटणी-भाकरी खात. भाजी असली तर बाजारातली, तीही उरलीसुरली. हातानं पिकवून गल्लीला खाऊ घालणारी बाई सुकलेली मेथी निवडत बसलेली मला बघवत नसे.

वहिनी काही त्यांच्या दारात गेल्या नाहीत. काकी मला म्हणत, "तुझी वैनी येत न्हाई. न येऊ दे बाबा. तिचा राग खरा हाय." आणि इकडे वहिनी चुलीपुढं बसून म्हणायच्या, "भावजी, पोरीला मीच धाडली व्हती. काकींची बाग माझ्यापायी गेली. कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडं?"

दोन्ही मीच ऐकत होतो. एकीचं दुसरीला सांगायचं, एवढंच काम होतं. खपली कशाला काढा, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे सोनीचं नाव तोंडातून काढायची मला भीती वाटत होती.

दोन वर्षांनी थंडीत काकींना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. बायका जमण्याआधीच वहिनी भिंतीपलीकडे गेल्या. काकींच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "काकी, माझा राग न्हवता वो तुमच्यावर."

मी दारात उभा होतो. हे मला दोन वर्षं ठाऊक होतं, आणि मी रोज सकाळी काकींकडे चहा पीत होतो.