कोपीतला रेडिओ आणि नवं चिन्ह

गेवराईच्या चौकात सरकारी रेडिओच्या नव्या चिन्हाचा भलामोठा फलक लागलाय. तो बघत असताना उसाचा ट्रॅक्टर गेला, आणि उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या वासानं मला ऊसतोडीच्या कोपीत, पाचटाच्या त्या खोपटात नेलं.

आमचा रेडिओ कोपीच्या दारातल्या बैलगाडीच्या जुवाला टांगलेला असायचा. त्याच्यावरचं नाव कधीच झिजलं होतं. एका संध्याकाळी त्यातली बाई म्हणाली, पाऊस येणार. आभाळ कोरडं होतं, तरी आईनं सगळं सरपण कोपीत ओढलं.

"ती बाई खोटं बोलत न्हाई."

पहाटे पाऊस कोसळला, तरी आमची चूल पेटली.

आमच्या भागाचं हवामान सांगणारा तो कार्यक्रम आता बंद केलाय, म्हणे पैसा नाही. गळा दाबायचा आणि कपाळाला गंध लावायचं, असला हा कारभार.

आईला मोबाइलवर ते चिन्ह दाखवलं.

"लई चांगलं हाय," ती म्हणाली. "पण बोलतं का?"