डेंजरचा अर्थ आणि मेहुणीचं लुगडं

निपाणीला तंबाखूच्या वखारीत मी कारकून होतो. इंग्रजी अमलातले दिवस. चार इंग्रजी अक्षरं येतात एवढ्यावरच शहापुरातल्या विणकर सासऱ्यांनी मला मुलगी दिली होती. तेव्हा सासुरवाडीला गेलं की ती अक्षरं मी मिरवणारच.

एकदा गेलो तर मेहुणीच्या लग्नाच्या लुगड्याची गडबड. लेकीचं लुगडं घरच्याच मागावर विणायचं, ही त्यांची रीत. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. सकाळी गल्लीत दोन खांबांमध्ये लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा दोरीनं ताणून बांधला होता. सुताला नुकती खळ लावून कुंचा फिरवणं चाललं होतं. तेवढ्यात एका टोकाचा वाळवी लागलेला लाकडी खांब कडकन मोडला. मी जवळच होतो, ताण्याची दोरी पकडली. ओलं सूत धुळीत लोळलं असतं तर लुगडं गेलंच होतं.

"जावईबापू, त्या नव्या खांबाला बांधा!" सासरे ओरडले.

नवा खांब विजेचा. त्यावर तांबडी पाटी.

"मामा, यावर डेंजर लिहिलंय!"

"म्हंजे वो?"

'धोका' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण महिन्यापूर्वीच मी आमच्या जुन्या हेडमास्तरांच्या जाड कोशात तो शब्द पाहिला होता. दोरी ओढून धरत सुरू झालो, "मूळ शब्द लॅटिन. तिथून फ्रेंचांकडे, मग इंग्रजांकडे. पहिला अर्थ धन्याची सत्ता. म्हणजे आपली मान दुसऱ्याच्या हातात. इजा, अपाय हे सगळं मागाहून..."

"मालकाची सत्ता व्हय? मग मालकाला सांजच्याला इचारू. बांधा आदी!"

"मामा, शॉक बसतो! माणूस मरतं!"

"मग ते आदी सांगायचं न्हाय व्हय!"

सासूबाई दारातून म्हणाल्या, "जावयालाच बांधा की. न्हाय तरी हुबंच हायती."

दोरी माझ्या कमरेला आली. पाय पायरीच्या दगडाला टेकवून मी मागे रेलून उभा राहिलो. ऊन चढलं, नाकावर माशी बसली.

शेजारीण म्हणाली, "आक्का, खांब लई झ्याक गावलाय की! कुठनं आणला?"

"निपाणीचा हाय," सासूबाई म्हणाल्या.

मेहुणी कुंचा फिरवत फिरवत जवळ आली. "दाजी, हलू नगा हं. माझं लगीन तुमच्या कमरंला हाय."

कोशातला पहिला अर्थ मला तेव्हा नीट कळला.

खळ वाळत आली आणि मला शिंक आली. तीन धागे तुटले. मेहुणीनं बोलत बोलत गाठी मारल्या. बोललेलं सगळं मलाच होतं. लग्न मात्र त्याच लुगड्यात झालं. अजून मी गेलो की ती ते ट्रंकेतून काढते आणि पोरांना पदराजवळच्या तीन गाठी दाखवते, "बघा, ह्यो तुमच्या काकांचा इंग्रजीचा धडा."