शंभरात तीन रुपये

गंगाधर तावडे हा त्याच्या गावचा पहिला बँकवाला. लालबागच्या चाळीत त्याच्या गावातल्या गिरणी कामगारांचं मंडळ होतं. दर पगाराला प्रत्येकाचा एक रुपया पत्र्याच्या पेटीत पडे. कोणी गाववाला मेला की त्याचं क्रियाकर्म आणि बायकोपोरांचं कोकणात गावी परतायचं बोटीचं भाडं त्यातून निघे. सत्तावन्न साली गंगाधरनेच ती पेटी उघडायला लावली. साडेचार हजार रुपये गिरगावातल्या त्याच्या छोट्या बँकेत गेले.

पुढच्या वर्षी फोर्टातली एक बँक बुडाली. सरकारी तपासनीस बाकीच्या बँकांतून फिरू लागले. त्यांना द्यायचा तक्ता गंगाधरने केला. तपासनिसांनी तो पाहिला त्या संध्याकाळी गंगाधर मला, त्याच्या जुन्या मित्राला, चर्नी रोडच्या पुलावर भेटला.

"शंभर रुपये कर्जाऊ दिलेत ना, त्यात मालकांचे स्वतःचे तीन. बाकी लोकांच्या ठेवी. शंभरातले चार बुडाले की संपलं."

"मग मंडळाचे काढ."

"येडा आहेस का? बँकेच्याच माणसाने काढले तर दुसऱ्या दिवशी दारात रांग. सहा महिन्यांची मुदत दिलीय. भांडवल वाढवा, नाहीतर बंद करा. वाढवतील रे."

त्यांनी वाढवलं नाही. मुदत संपली त्या सोमवारी दाराला सील लागलं.

मंडळाची बैठक चाळीच्या गच्चीवर भरली. अध्यक्ष बाबुराव, गिरणीच्या साचेखात्यातले म्हातारे. त्यांनी एवढंच विचारलं, "झिला, तुका ठावक होतां?"

तो नाही म्हणेल असं मला वाटलं. नाही म्हटलं असतं तर निभावलं असतं.

"होतं. सहा महिने."

"सायब झालो ना तो!" मागून कोणीतरी म्हणालं. त्याच्यावर कोणी हात उचलला नाही.

दीड महिन्याने मंडळातला सीताराम क्षयाने गेला. गंगाधर घड्याळ विकून साठ रुपये घेऊन आला. बाबुरावांनी ते घेतले नाहीत. चाळीतून फडकं फिरवलं. तिरडी उचलली तेव्हा गंगाधर खांदा द्यायला पुढे झाला. कोणी जागा सोडली नाही. पाळी न बदलता त्याच चौघांनी ती भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत नेली. तो मागून चालत राहिला.

क्रियाकर्म आटोपल्यावर फडक्यात एक पूर्ण आणि एक अर्ध्या तिकिटापुरतेच पैसे उरले. सीतारामची बायको सुंदराबाई धाकट्याला घेऊन बोटीत बसली. थोरली मुलगी, अकरा वर्षांची शेवंती, भायखळ्याला एका घरी भांडी घासायला राहिली.