टेलरमास्तरांच्या मोटारीची धार

टेलरमास्तरांना कापडापलीकडे काही कळत नाही असं त्यांची बायको म्हणते, आणि तिचं फारसं चुकत नाही. तरी या गृहस्थांनी हौसेनं जुनी होडी घेतली, तिच्या मागे लावायला छोटीशी मोटार घेतली, आणि पहिल्याच फेरीत बायकोला तळ्याच्या ऐन मध्यावर नेऊन मोटार तापवून बंद पाडली. वल्हवत काठ गाठावा लागला. त्या दिवसापासून बाई होडीत पाय ठेवायला तयार नाहीत. एकट्यानं फिरण्यात कसली आलीय मजा? मास्तरांना ती शेजारी हवी होती, बस्स.

दुरुस्तीवाला म्हणाला, "मोटार तळ्यातलं पाणी स्वतःच ओढते, त्यावरच थंड राहते. बाजूच्या भोकातून धार पडली की समजा, सगळं ठीक."

झालं! मास्तरांनी मोटार अंगणात एका फळीला अडकवली, नळाची नळी तिच्या खालच्या तोंडाला बसवली, नळ सोडला आणि दोरी ओढली. मोटार धडधडली, पण धार काही पडेना. मग दुकानातली सुई आणून त्यांनी भोक कोरलं. चिखलाचा खडा सुटला आणि सणसणीत धार थेट चष्म्यावर आली.

"अगं ए, बघ, बघ!"

बायको हात पुसत आली. धारेकडे बघितलं, नळाकडे बघितलं आणि नळ बंद केला. धार थांबली. मास्तरांनी धावत जाऊन मोटार बंद केली.

"तळ्याच्या मधोमध नळ कोण बसवणार? तुमचे काका?"

मास्तर ओशाळले. मोटार पाणी ओढतच नव्हती, नळच ते आत ढकलत होता. उघडून पाहिलं तर पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्याच्या पाकळ्या पार मोडलेल्या. नवा पंखा बसवला आणि या खेपेला मोटारीचं बूड पाण्याच्या पिंपात सोडलं. पिंप कपडे भिजवायचं, तळाशी साबण होता, पण एवढं बघायला सवड कुणाला? मोटार सुरू होताच असा फेस उसळला की मास्तर कमरेखाली दिसेनासे झाले. धार मात्र पडत होती. बायकोनं खाली तळहात धरला.

"कोमट आहे."

"म्हणजे आतली उष्णता बाहेर आणतेय! आता तरी येशील ना?"

तिनं आधी मोटार बंद करायला लावली.

"अहो, यंत्र आहे, बंद पडायचंच. पण त्या दिवशी काठ येईपर्यंत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मला राग त्याचा आहे."

मास्तर फेसात तसेच उभे राहिले. इतके दिवस बिचारे भलतंच भोक कोरत बसले होते.

"मला लाज वाटत होती गं."

"मग तसं म्हणायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ती होडीत बसली. काठ सुटायच्या आतच मास्तर पंखा कसा फिरतो, पाणी कुठून चढतं, कुठून उतरतं, सगळं सांगायला लागले. एकदा सांगून झालं, दोनदा झालं. 

"बरं, आता सुरू करा ती मोटार," ती म्हणाली. "तिच्या आवाजात तुमचं काही ऐकू तरी येणार नाही."